समोरून सगळेच चांगले दिसतात

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर भंडाऱ्याला जाऊन टीव्ही पाहिला. देवदर्शन नाही, लेकीकडं मोहाडीला जाणं नाही. टीव्ही. त्यानंतर त्याच दुकानात आणखी एकदा गेलो, पण त्याला मी मिळून जाणं म्हणत नाही. ते पुढं येईल.

लोक विचारतात, म्हातारीची शेवटी काही इच्छा राहिली होती का? राहिली होती. तिला असा टीव्ही हवा होता, ज्यात काळं ते काळं दिसेल. तेवढंही तिला मिळू दिलं नाही. कोणी दिलं नाही, ते लिहितो.

आमचं गाव कारधा. नदीच्या ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला भंडारा, मध्ये पूल. आम्ही ढिवर. मी वैनगंगेत नाहीतर तलावात जाळं टाकायचं, माझ्या बायकोनं, सुगंधानं, मासोळी टोपलीत घालून पुलावरून भंडाऱ्याच्या बाजारात न्यायची. आमचा जुना डब्बा टीव्ही आधी हिरवा झाला, मग एका रेघेचा झाला, मग ती रेघही गेली. तेव्हा ती म्हणाली, "आता घेऊ एक भिंतीवरचा. पण पाहून घेऊ. कोणी म्हणते म्हणून नाही घ्याचा."

त्या दिवशी तिची टोपली बाराच्या आत रिकामी झाली. राख आणि लिंबू लावून हात धुतले, रिकामी टोपली काखेत मारली आणि आम्ही दुकानात शिरलो. थंडगार दुकान. भिंतीवर दोन ओळींत टीव्ही, सगळ्यांवर एकच चाललेलं: पोपट, मध, धबधबा, पुन्हा पोपट. दुकानदार पन्नाशीचा, शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून कमरेत न वाकणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्याला वाटेल, फुकटात जाहिरात झाली.

मी त्या पोपटांपुढं तोंड उघडं टाकून उभा राहिलो. सुगंधा तिथं थांबलीच नाही. वॉशिंग मशीनच्या रांगेपाशी गेली, लुगडं सावरलं आणि कोपऱ्यात जमिनीवर बसली. तिथून सगळे टीव्ही तिरपे दिसत होते.

"आजी, तिथून नाही," दुकानदार म्हणाला. "इकडं या. टीव्ही समोरून पाहतात."

"समोरून त सगळेच चांगले दिसतात," ती म्हणाली. "पोरगी पाहाले आलेला पोरगाही समोरून चांगलाच दिसते."

दुकानातली माणसं हसली. तेव्हा तिच्या बाजूनं हसली.

"घरी समोर हे बसतात, खाटेवर," तिनं माझ्याकडं बोट केलं. "मी चुलीपाशी, दाराच्या कडेले. इतके वर्स झाले, मी टीव्ही तिरपाच पाह्यला. आता नवा घेऊन राहिलो त माह्या जाग्यावरून चांगला दिसाले पाह्यजे का नाही? अन् ते पोपट काढ बाप्पा. पोपट कोण पाह्यते दिवसभर? बातमीवाली बाई लाव."

त्यानं बातम्या लावल्या. मग ती एकेका टीव्हीकडं पाहत गेली. टीव्ही नव्हती पाहत, बातमीवालीचे केस पाहत होती. मासोळी घेताना ती अंग पाहायची नाही, डोळा पाहायची. ताज्या मासोळीचा डोळा काळाभोर, वर आलेला. शिळीचा खोल गेलेला, वर दुधाची साय. तशीच ती टीव्ही पाहत होती. "हा शिळा. हाही शिळा, केसाची राख झाली. हा बरा, पण बाई पिवळी पडली, काविळीवाणी." वरच्या ओळीतल्या तिसऱ्यापाशी ती थांबली. बसल्या जागी थोडी सरकली, आणखी तिरपी झाली. "हा. हिचे केस केसावाणी हायेत. हाच दे."

"हा डिस्प्लेचा आहे, आजी. तुम्हाला सेम पीस येईल, डब्बाबंद."

"सेम कायले? हाच दे ना."

"अहो, नवा मिळते तर जुना काहून नेता?" त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं. मी मान हलवली. पहिली चूक ती. मान माझी होती, कोणी धरून हलवली नव्हती.

आता सुगंधा कशी होती ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

नाव सुगंधा आणि धंदा मासोळीचा. ह्यावरून तिला जन्मभर लोकांनी टोचलं आणि तिनं एकालाही सुट्टी दिली नाही. तिचं एक बोलणं होतं: "मासोळी अन् राग, ज्या दिवशीचा त्या दिवशी खपवावा. उद्यावर ठेवला का घरातच वास मारते." हे ती नुसतं म्हणायची नाही. तशी वागायची.

माझ्या चुलतभावाची बायको कौसल्या. तिनं गळ्यात माळ घातली होती, आणि माळ घातल्यापासून ती आमच्या दारावरून नाकाला पदर लावून जायची. भावाच्या पोरीच्या हळदीला सुगंधा वाटी घेऊन पुढं झाली, तर ही भर मांडवात म्हणते, "तुमी नका लावू वो. हळदीले वास येईल."

सुगंधानं वाटी खाली ठेवली. मला वाटलं, गिळलं हिनं. पंगत बसली तशी ही कौसल्याच्या समोरच्या ओळीत जाऊन बसली आणि वाढप सुरू होताच पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कौसल्याबाई, उद्याचे झिंगे किती ठेवू? अन् मांगच्या दारानंच आणू का आता समोरच्या दारानं चालते?"

कौसल्या मागच्या दारानं झिंगे घेते, हे मलाही माहीत नव्हतं. सुगंधानं माळेनंतर दोन वर्षं ते पोटात ठेवलं होतं. गुपित ठेवायची, राग ठेवायची नाही. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट ठेकेदाराची. तलावावर मासोळी मोजून घ्यायचा तेव्हा त्याचा अंगठा वजनाच्या पारड्यावर टेकलेला असायचा, म्हणजे मासोळी कमी भरते. सगळ्यांना दिसायचं, बोलायचं कोणी नाही, कारण तलाव त्याच्याकडं. सुगंधानं एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग टोपलीतून जिवंत सिंगी काढली. सिंगीच्या बाजूला काटा असतो, तो घुसला तर कोपरापर्यंत आग होते. "शेठ, ही पाह्य किती ताजी हाये," म्हणत तिनं ती बरोबर त्याच्या अंगठ्यापाशी सोडली. तो असा किंचाळला की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले. हिनंच त्याचा हात धरला, हिनंच हळद आणून लावली, "अरे बाप्पा, अरे बाप्पा" करत. पंधरा दिवस तो अंगठा पारड्याजवळ आला नाही. नंतरही आला तर आधी टोपलीत डोकावून यायचा.

मीही सुटलो नाही. एकदा जाळ्याचा दोरा आणायला शहापूरला जातो म्हणून निघालो आणि तिथं पत्ते कुटत बसलो. संध्याकाळी ताटात भात वाढला आणि भातावर एक अख्खी, न साफ केलेली, कच्ची मरळ ठेवली. तिचा डोळा माझ्याकडं.

"हे काय वो?"

"खरं बोलान तवा शिजन."

खरं बोललो. शिजली. चांगली झाली होती, तेही सांगतो.

आणि डोळे. हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं, पण लाज वाटते म्हणून मागं ठेवलं. माझ्या जाळ्याची फाटलेली घरं तीच विणायची. मला सुईचं भोक दिसत नव्हतं, ती चष्म्याशिवाय एका झटक्यात दोरा ओवायची आणि सुई माझ्या हातात देऊन म्हणायची, "घ्या, आंधळ्याचा हात धरला मी." तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते आता येते.

दोन दिवसांनी टीव्ही आला. दोन माणसांनी भिंतीवर लावला. मी खाटेवर समोर बसलो. पोपट नव्हते, पण बातमीवाली होती, एकदम झकास. मी आतल्या खोलीच्या दाराकडं वळून म्हणलो, "पाह्य वो, कसा दिसते!"

ती चुलीपाशी पिढ्यावर बसली होती. आमच्याकडं गॅस आहे, पण मासोळीचं कालवण ती चुलीवरच करायची. पिढा म्हणजे लाकडाचा बुटका पाट, तिच्या बापानं लग्नात दिलेला, मधोमध बसून बसून खोलगट झालेला. तिथून दाराच्या फटीतून टीव्ही दिसतो. तिनं पाहिलं. कालवण ढवळायचं थांबवलं.

"हा तो नोहे."

"तोच हाये. डब्ब्यावर नाव तेच हाये."

"नाव असन. हा तो नोहे. हिचे केस पाहा, राख झाली. साडी लाल हाये का इटकरी हाये, समजून नाही राहिलं."

"मले त चांगला दिसते."

"तुमी समोर बसले."

"तुया डोळ्यात काही झालं असन."

ती माझ्याकडं पाहत राहिली. जरा माझ्या जागेवर येऊन पाहा, एवढंच तिला म्हणायचं होतं, ते मला आज समजते. चार पावलं होती खाटेपासून पिढ्यापर्यंत. मी उठलो नाही. बातम्या चालू होत्या.

आठवडाभर तिनं मला कुरतडलं, मग आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. तिनं सरळ सांगितलं, "शेठ, तुमी दुसरा पाठवला. तिरपा पाह्यला का पांढरा पडते."

दुकानदारानं तिला बसही म्हटलं नाही. हसला. "आजी, टीव्ही पांढरा नाही पडला. तुमचा मोतीबिंदू पिकला. आधी डोळे दाखवा, मंग टीव्ही पाहा."

दुकान हसलं. ह्या वेळी तिच्यावर हसलं. तो माझ्याकडं वळला. "बाबा, तुम्ही तर समजदार आहात. तुम्ही सांगा, चांगला दिसते का नाही?"

आणि मी हसलो.

मी म्हणलो, "मले त चांगलाच दिसते," आणि हसलो. काहून हसलो? मला त्यानं समजदार म्हणलं म्हणून. चौथी शिकलेला, चिखलाच्या पायाचा माणूस, जन्मात कोणी दुकानदारानं समजदार म्हणलं नव्हतं. एवढ्यावर विकला गेलो. मासोळीही ह्यापेक्षा मोठं आमिष पाहून तोंड उघडते.

सुगंधानं टोपली उचलली आणि बाहेर पडली. पुलावर ती पुढं, मी मागं. अर्ध्या पुलावर तिनं टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, माझ्याकडं न पाहता. मी मनात तयारी करत होतो. आज कच्ची मरळ येईल. आज सिंगी येईल. आज पंगतीत जे झालं ते माझ्या घरात होईल.

काही आलं नाही. तिनं कालवण केलं, चांगलं केलं. वाढलं. "मीठ बरोबर हाये का?" विचारलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं राग त्या दिवशी खपवला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. फक्त पिढा फिरवून ठेवला. टीव्हीकडं पाठ करून बसायला लागली.

नवव्या दिवशी सकाळी ती नदीच्या घाटावर टोपली धुवायला गेली आणि पायरीवर बसली ती बसलीच. बाया म्हणाल्या, आम्हाला वाटलं पाण्याकडं पाहून राहिली. टोपली बाजूला, पालथी, धुऊन झालेली.

तेरवी झाली. पोरगी वनिता पंधरा दिवस राहून मोहाडीला गेली. जाताना भात कसा लावायचा ते मला तीनदा सांगून गेली. गॅसला मी भ्यायचो, चूल बरी. एका संध्याकाळी भांडं चढवलं. समोरच्या खोलीत टीव्ही बडबडत होता. घरात कोणाचा तरी आवाज पाहिजे म्हणून चालू ठेवायचो. गुडघे दुखत होते. पिढा टेकायला घेतला, तिनं फिरवलेला होता तो सरळ केला आणि बसलो. त्या पिढ्यावर मी जन्मात बसलो नव्हतो. तिच्या खोलगट जागेत बसलो आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

बातमीवाली म्हातारी झाली होती. तोंडावर राख फासल्यासारखी. केस पांढरट, साडी इटकरी. मला वाटलं टीव्ही बिघडला. उठून खाटेवर गेलो, तर केस काळे, साडी लाल. पुन्हा पिढ्यावर आलो, राख. पुन्हा खाटेवर, काळे. चार वेळा गेलो, चार वेळा आलो. चार पावलं. भात जळून कोळसा झाला, त्याचा धूर घरभर झाला, तरी मी जात-येत होतो.

मोतीबिंदू कुठं होता ते कळलं. तो समोर बसणाऱ्यांच्या डोळ्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या इस्तारीचा ऑटो बोलावला. टीव्ही भिंतीवरून काढला, गोधडीत गुंडाळला, मागं ठेवला. मांडीवर पिढा घेतला.

"मामाजी, पिढा कायले?" इस्तारीनं विचारलं.

"एका माणसाले बसवाचा हाये."

बाजाराचाच दिवस धरून गेलो होतो. दुकान भरलं होतं, बायामाणसं होती. दुकानदारानं मला ओळखलं, हसला. "काय बाबा, चांगला चालून राहिला ना?" मी आमचा टीव्ही टेबलावर ठेवायला लावला, वरच्या ओळीतल्या तिसऱ्याच्या बरोबर खाली. म्हणलो, "दोघांवर बातम्या लाव." समोरून दोन्ही सारखे. तो म्हणाला, "पाहा, सेम आहे."

मी कोपऱ्यात गेलो, वॉशिंग मशीनपाशी, ती बसली होती तिथं. पिढा जमिनीवर ठेवला.

"बस."

"बाबा, आत ऑफिसात या, बोलू आपण."

"बस म्हणलो ना."

मी आवाज चढवला नाही. नदीवर ओरडून ओरडून माझा साधा आवाजच असा आहे की माणसं वळतात. सगळी वळली. दुकानदारानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पँट वर ओढली आणि पिढ्यावर बसला. त्याचे गुडघे कानाला लागले.

"वरच्या बाईचे केस कसे हायेत?"

"काळे."

"खालच्या बाईचे?"

एक बाई, मी तिला ओळखतही नाही, त्याच्या मागं येऊन वाकली आणि म्हणाली, "अगं माय! हे त पांढरे दिसून राहिले." मग तिची सासू वाकली. मग आणखी दोघी. ज्यांनी खालच्यासारखा टीव्ही ठरवला होता, त्यांनी पिशव्या उचलल्या. मी पाहत होतो. मला बरं वाटत होतं. खोटं कायले लिहू, खूप बरं वाटत होतं.

"तू सांग," मी म्हणलो. "मोठ्यानं."

"पांढरट दिसते," तो म्हणाला. "बाबा, गोडाऊनमधून चुकून दुसरा गेला असेल. बदलून देतो. आजींना सांगा..."

"आजी मेली."

त्यानं खाली पिढ्याकडं पाहिलं.

"मले नको सांगू," मी म्हणलो. "ऊठ. पिढ्याले सांग."

तो उठला. रिकाम्या पिढ्यासमोर, भर दुकानात, तो कमरेत वाकला आणि हात जोडले. इस्त्री मोडली. "आजी, तुमचं बरोबर होतं," म्हणाला. आवाज बारीक होता, पण मागच्या बाईपर्यंत गेला.

मग मी वरच्या ओळीतला तिसरा उतरवायला लावला. नवा, डब्बाबंद देतो म्हणाला. मी म्हणलो, "हाच दे." तो काढला तशी ती भिंत समोरचा दात पाडल्यासारखी दिसली. टीव्ही इस्तारीच्या ऑटोत टाकला आणि घरी पाठवला. पिढा घेऊन मी पायी निघालो.

त्याच्यावरचा राग खपला. शिळा होता, तरी खपला. पण एक राग अजून उरला होता, त्याला गिऱ्हाईक मीच. ती गिळून गेली तो. दुकानात मी सगळ्यांना सांगू शकलो असतो की त्या दिवशी मीही हसलो होतो. नाही सांगितलं. तिथं मला पुन्हा समजदार दिसायचं होतं.

अर्ध्या पुलावर, तिनं टोपलीची काख बदलली होती तिथं, मी पिढा कठड्याशी ठेवला आणि त्याच्यापाशी रस्त्यातच खाली बसलो. समोर नाही, तिरपा.

मागून एक टेम्पोवाला हॉर्न दाबून ओरडला, "ओ बुढेबा, मराचं हाये का? रस्त्यात काहून बसले?"

मी मान न वळवता म्हणलो, "थांब गा जरा. बायकोशी बोलून राहिलो."